दारं धरायला निघालेले आबा: हृदयाच्या ऑपरेशननंतरचा भ्रम आणि तो टाळणारी शुश्रूषा

रात्री सव्वादोन वाजता आबा उठून बसले आणि म्हणाले, "लाईट आली. मोटार लावायचीय. सोड मला, दारं धरायला जायचंय."

बायपास होऊन त्यांची ती दुसरी रात्र होती. गळ्यातल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाईन नावाची नळी, छातीतलं साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या दोन नळ्या म्हणजे ड्रेन, मनगटात आर्टरीची सुई, खाली लघवीची नळी. ऑक्सिजनचा मास्क त्यांनी ओढून हनुवटीखाली नेला होता आणि एक हात ड्रेनच्या नळीवर होता. सत्तरीचा, बीड जिल्ह्यातला उसाचा शेतकरी. आयुष्यभर रात्रीची थ्री फेज लाईट आली की उठायचं, पाण्याची मोटार लावायची आणि अंधारात वाफ्यांची दारं मोडत, पाणी वळवत बसायचं, ही सवय. आयसीयूतल्या मॉनिटरचा हिरवा दिवा त्यांना स्टार्टरचा दिवा वाटला असावा. दिवसा मला "लेकी" म्हणणारे आबा त्या वेळी मला ओळखत नव्हते.

सकाळी मुलगा काचेबाहेरून बघून घाबरला. "सिस्टर, आबा येड्यावाणी करायलेत. डोक्यावर परिणाम झालाय का?" मागे उभ्या असलेल्या आत्याबाई हळूच म्हणाल्या की बाहेरचं काही लागलं असंल, अंगारा लावू देता का.

छत्रपती संभाजीनगरात हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत काम करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर नीट बसून लिहावंसं वाटलं. बीड, परभणी, जालना, हिंगोली कुठूनही माणूस ऑपरेशनला आणला, तरी त्याच्याबरोबर आलेल्यांना छातीच्या टाक्यांबद्दल सगळं सांगितलं जातं. या भ्रमाबद्दल बहुधा कुणी सांगत नाही. मग तो आला की घरचे हादरतात.

जुनी माणसं याला "वात झाला" म्हणतात, "वातात बरळतोय" म्हणतात. डॉक्टरी भाषेत नाव आहे डेलिरियम. हा लॅटिन शब्द कुठून आला ते मला कळलं तेव्हा मला आमचं शेत आठवलं. 'लिरा' म्हणजे नांगरटीची रेघ, आणि 'डेलिरारे' म्हणजे ती रेघ सोडून भरकटणं. आपल्याकडे औताच्या त्या रेघेला तास म्हणतात. बैल तासात चालतो तोवर रान सरळ नांगरलं जातं, तासाबाहेर गेला की सगळं वाकडं. घड्याळाच्या तासालाही आपण तासच म्हणतो, आणि डेलिरियममध्ये माणसाचे हे दोन्ही तास सुटतात. रात्र की दिवस, दवाखाना की रान, हे कळत नाही.

पण बैल तोच असतो. हे वेड नव्हे, म्हातारपणीचा विसराळूपणाही नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू येतो. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभर चढ-उतार होत राहतो. सकाळी नातवाचं नाव बरोबर सांगणारा माणूस संध्याकाळी भिंतीवर मुंग्या दाखवतो. मेंदूला अचानक ताण सहन झाला नाही याची ती खूण असते. किडनी बिघडली की लघवी कमी होते, तसा मेंदू बिघडला की भान जातं. हृदयाच्या ऑपरेशननंतर ढोबळमानानं दर चार-पाच रुग्णांत एकाला हे होतं, वयस्कांमध्ये त्याहून जास्त. बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच.

हृदयाच्याच ऑपरेशननंतर एवढं का? कारण बऱ्याच ऑपरेशनांत हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. त्या वेळात रक्तदाब खालीवर होतो, अंगात सूज आणणारी रसायनं वाढतात, बारीक गुठळ्या किंवा हवेचे बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात. त्यावर भुलीची औषधं, वेदना, ऑक्सिजनची कमी-जास्त, साखर आणि सोडियमचे चढ-उतार. आणि मग आयसीयू नावाची जागा, जिथे खिडकी नसली तर उन्हं दिसत नाहीत, दिवे चोवीस तास जळतात, दर थोड्या वेळानं काहीतरी वाजतं आणि ओळखीचा एकही चेहरा नसतो. मशीन आणि भूल यांचं काम सर्जन आणि भूलतज्ज्ञांकडे. त्यानंतरचं जवळजवळ सगळं नर्सच्या हातात असतं, आणि माझं सगळं म्हणणं याच गोष्टीबद्दल आहे.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ते रुग्ण वॉर्डातले होते, हृदयाच्या ऑपरेशनचे नव्हते, पण धडा आम्हालाही लागू पडतो. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याबरोबर अगदी साध्या गोष्टी: तारीख-वार सांगत राहणं, झोप जपणं, लवकर चालतं करणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावणं, पाणी पोटात जातंय का बघणं. नेहमीच्या गटात १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना एकदा डेलिरियम झाला, त्यांच्यात या उपायांनी त्याचा जोर काही कमी झाला नाही. म्हणजे कमाई आधीच्या काळजीत आहे. औषधाचंही तसंच. २०१८ साली आयसीयूतल्या ५६६ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत भ्रमावर देतात ती हॅलोपेरिडॉल आणि झिप्रासिडोन ही औषधं आणि नुसतं सलाईन यांची तुलना झाली, आणि औषधांनी भ्रमाचे दिवस कमी झाले नाहीत. रुग्ण स्वतःला इजा करील अशी वेळ आली तर डॉक्टर अशी औषधं देतात, ती द्यावी लागतात. पण सुई टोचली की भान परत येईल, असं नाही.

म्हणून सुरुवात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मी रुग्णाच्या खाटेवर बसून सांगते की आबा, उद्या तुम्ही जागे व्हाल तेव्हा तोंडात नळी असंल, बोलता येणार न्हाई, घाबरायचं न्हाई, मी विचारीन, तुम्ही मान हलवून सांगायचं. आयसीयूचा फोटो मोबाईलवर दाखवते. माणूस अनोळखी जागी जागा झाला तर घाबरतो, पण एकदा चित्रात बघितलेली जागा अगदीच अनोळखी राहत नाही. त्याच बैठकीत मी घरच्यांना थोडं बाजूला घेऊन विचारते: तंबाखू किती? दारू किती, रोज की सणासुदीला? झोपेची गोळी चालू आहे का? घरी वस्तू ठेवून विसरतात का? पैशाचा हिशेब चुकतो का? ऐकू कमी येतं का?

दारूच्या प्रश्नावर सगळे खोटं बोलतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. डॉक्टर ओरडतील, सरकारी योजनेतून ऑपरेशन नाकारतील अशी भीती असते. पण रोज घेणाऱ्याची दारू अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत हात कापायला लागतात, घाम येतो, भास होतात, झटके येऊ शकतात. त्याचा उपचार वेगळा असतो. झोपेची गोळी रोज घेणाऱ्याची ती एकाएकी बंद झाली तरी तेच. चुना-तंबाखू आणि मिश्रीचंही डॉक्टरांना सांगा, तलफ अडली की माणूस बेचैन होतो. खरं सांगितलं तर ऑपरेशन जात नाही, उलट तयारी करता येते.

आता त्या पिशवीबद्दल. ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, कानाचं मशीन काढून नातेवाइकांच्या हातात देतात. ते कापडी पिशवीत जातात, पिशवी धर्मशाळेत किंवा गाडीत जाते, आणि आबा शुद्धीवर येतात तेव्हा त्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, बोललेलं बोबडं निघतं. मग आपण म्हणतो की आबा गोंधळलेत. जाड भिंगाचा चष्मा काढून तुम्हाला कुणी अनोळखी खोलीत झोपवलं, तर छतावरची तार साप दिसणारच. तोंडातली नळी निघाली की पहिल्या तासाभरात चष्मा डोळ्यावर आणि मशीन कानात असलं पाहिजे, सेल चालू आहे का हे तपासून. माझ्या मते या एवढ्या कामाला सलाईन लावण्याइतकंच वजन आहे आणि ते चार्टवर लिहिलं गेलं पाहिजे. आबांचा चष्मा त्या रात्री मुलाच्या मोटारसायकलच्या डिकीत होता.

झोपेचं सांगते, कारण इथे आम्ही नर्सेसही चुकतो. पूर्वी मी जिथे काम करायचे तिथे पहाटे चारला रुग्णांची अंगं पुसायची पद्धत होती, सकाळच्या पाळीला सगळं आवरलेलं दिसावं म्हणून. कसाबसा डोळा लागलेला माणूस चारला ओल्या फडक्यानं जागा व्हायचा. मीही ते केलं आहे, वर्षानुवर्षं, आणि त्याची मला आज खंत वाटते. अंग पुसणं सकाळी सातला झालं तर काहीही अडत नाही. रक्त काढणं, औषध, कूस बदलणं, ड्रेन मोजणं ही कामं रात्री एकत्र उरकली तर मध्ये दीड-दोन तासांची सलग झोप मिळते. मॉनिटरच्या अलार्मची मर्यादा त्या रुग्णाला साजेशी लावली तर तो उगाच वाजत नाही. रात्री दहाला मोठे दिवे बंद. डोळ्यावर पट्टी, चालत असेल तर कानात बोळे. आणि नर्सेसच्या टेबलापाशी आपण हळू बोलायचं. सकाळी मात्र पडदा सरकवून उजेड आत घ्यायचा, दिवसभर पेंगू द्यायचं नाही.

वेदनेचं गणित नाजूक आहे. छातीचं हाड कापलेलं असतं, दुखणारच. दुखणं सोसलं तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, फुफ्फुस खाली बसतं, ऑक्सिजन उतरतो आणि भान जातं. पण मॉर्फिनच्या जातीची औषधं जास्त झाली तरी भान जातं. म्हणून वेळेवर पॅरासिटामॉल, गरजेपुरतं बाकीचं, आणि उशी छातीशी धरून खोकायला शिकवणं. आपली माणसं दुखणं सांगत नाहीत. "दुखतंय का?" विचारलं तर आबा म्हणणार "न्हाई". त्यापेक्षा विचारावं, "रात्री कुशीवर झालात तेव्हा किती कळ आली, सोळा आण्यात किती?" मग "बारा आणे" असं खरं उत्तर येतं. मिडाझोलाम, लोराझेपामसारखी झोपवणारी औषधं, आणि खाज-ॲलर्जीची झोप आणणारी इंजेक्शनं, यांनी वयस्कांमध्ये भ्रम वाढतो. ती लिहिलेली दिसली तर डॉक्टरांना एकदा विचारणं हे नर्सचं काम आहे, आगाऊपणा नाही.

ठीक असेल तर पहिल्याच दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायचं, मग खुर्चीत, मग चार पावलं. लघवीची नळी गरज संपली की काढायची, ती नळी म्हणजे पायातला दोरच असतो. पोट साफ होतंय का हे रोज विचारायचं. पाणी मात्र हृदयाच्या रुग्णाला डॉक्टर मोजून देतात, तेव्हा "तहान लागली म्हणून" घरच्यांनी तांब्याभर पाजू नये. ओठ ओले करावेत.

भ्रम ओळखायचा कसा? रुग्ण आरडाओरडा करतो तेव्हा कुणालाही कळतं. अवघड असतो तो शांत भ्रम, आणि तोच जास्त सुटतो. परभणीकडच्या तांड्यावरची एक आजी होती. झडप बदललेली. तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना मला सांगितलं गेलं, "लई शांत आहे, काही त्रास नाही." आजी भिंतीकडे बघत पडून होती. जेवणाचं ताट तसंच. आमच्याकडे कॅम-आयसीयू नावाची एक चाचणी आहे, दोन मिनिटांची. हात हातात घ्यायचा, एकेक करून दहा अक्षरं किंवा आकडे म्हणायचे आणि ठरलेलं अक्षर किंवा आकडा आला की हात दाबायला सांगायचं. तीन किंवा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं समजायचं. मग दगड पाण्यावर तरंगतो का, असे साधे प्रश्न. आजींच्या सहा चुका झाल्या. पण मला शंका आली, मी मराठीत विचारतेय, आजींची भाषा गोरमाटी, बंजाऱ्यांची. नातीला आत बोलावलं. तिनं कानाशी जाऊन "याडी" म्हटलं आणि आजींनी पहिल्यांदा मान वळवली. नातीच्या भाषेत पुन्हा विचारलं तर चुका चार. म्हणजे थोडा दोष भाषेचा होता, पण भ्रमही होताच. डॉक्टरांना कळवलं. तपासलं तर ऑक्सिजन कमी भरत होता, डाव्या फुफ्फुसाचा तळ बसलेला. खुर्चीत बसवणं, श्वासाचे व्यायाम आणि दिवसातून तीनदा नातीचा आवाज, याच्यावर दोन दिवसांत आजी ताटातली भाकरी मागायला लागल्या. "शांत आहे" हे चांगलं लक्षण समजून आम्ही तिला तसंच ठेवलं असतं.

तारखेचा प्रश्नही माणूस बघून विचारावा. जानेवारी-फेब्रुवारी उलटे म्हणायला सांगितले तर न शिकलेला माणूस शुद्धीवर असूनही नापास होईल. त्याला वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार. किंवा विचारा, सध्या रानात काय उभं आहे? ऑपरेशनआधी हे एकदा विचारून ठेवलं तर नंतर तुलना करता येते.

भ्रम दिसला की पहिलं काम कारण शोधणं: ऑक्सिजन, रक्तदाब, साखर, ताप, लघवी अडली का, वेदना, नवीन औषध. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात पडला किंवा बोलणं एकदम बंद झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे एक मिनिटही वाया घालवायचं नाही.

आणि हात बांधणं? आमच्या पाळीत एकेका नर्सकडे दोन-तीन गंभीर रुग्ण असतात. नळी ओढून काढेल या धाकानं हात बांधले जातात, हे मला मान्य आहे. पण बांधलेला माणूस आणखी घाबरतो, आणखी झटापट करतो. त्यापेक्षा नको असलेल्या नळ्या लवकर काढा, राहिलेल्या बाहीखाली झाका, हातात रुमाल द्या, आणि घरचं एक माणूस शेजारी बसवा. हे शेवटचं मी पुन्हा पुन्हा मागत आले आहे. दिवसातून पाच मिनिटं काचेतून बघायचा नियम जंतुसंसर्गाच्या भीतीनं आला. हात धुऊन, गाऊन घालून, एका ठरलेल्या माणसाला तासभर बसू दिलं तर त्याच्याइतकं भान परत आणणारं दुसरं औषध माझ्या बघण्यात नाही.

त्या माणसानं काय बोलायचं, हेही सांगते. वाद घालायचा नाही. "कुठली मोटार, येडे झालात का" असं म्हटलं की रुग्णाचा विश्वास उडतो. आणि "हो हो, लावते मोटार" असं खोटंही म्हणायचं नाही. त्या रात्री मी आबांचा हात ड्रेनवरून काढून माझ्या हातात घेतला, दिवा लावला, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं आणि म्हणाले, "आबा, मी सिस्टर. हा दवाखाना हाय, संभाजीनगरचा. परवा तुमच्या छातीचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता रात्र हाय. उसाला पाणी तुमचा धाकला द्यायलाय." हे शेवटचं मी थोरल्याला संध्याकाळीच विचारून ठेवलं होतं. आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वरच्या बांधाकून फुटतंय, त्याला सांग." मी म्हटलं, सांगते. सकाळी सांगितलंही. चष्मा आला, खुर्ची खिडकीपाशी नेली, थोरला तासभर बसला. अजून एक रात्र थोडी गडबड झाली, चौथ्या दिवशी आबांनी मला पुन्हा लेकी म्हटलं.

आत्याबाईंचा अंगारा मी आबांच्या कपाळाला लावू दिला, जखमेपासून लांब, चिमूटभर. आणि बरोबर हेही सांगितलं की यात कुणाची करणी नाही, मेंदूला आलेला थकवा आहे.

घरी गेल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. लक्ष लागत नाही, हिशेब चुकतो, रात्री दचकून उठतात, असं काहींना काही काळ होतं, थोड्यांची स्मरणशक्ती नंतरही मंदावते. संध्याकाळनंतर खोलीत बारीक दिवा ठेवा. पुन्हा एकाएकी बरळायला लागले किंवा एकदम सुस्त झाले तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न बघता आणा. जखमेत किंवा लघवीत संसर्ग असू शकतो.

दीड महिन्यानं आबा फेरतपासणीला आले. ओपीडीतून मुद्दाम वर आयसीयूच्या दारापाशी येऊन थांबले. आत यायला लाजत होते. थोरल्याला लांब पाठवून त्यांनी मला विचारलं, "लेकी, त्या रातीला मी तुला काई वंगाळ बोललो का गं? मला निस्तं पाणी दिसायचं. आन् कुणीतरी धरून ठिवलंय असं."

दीड महिना हे त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. मी त्यांना आत नेलं, तीच खाट दाखवली, तो हिरवा दिवा दाखवला. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, ही व्हय मपली मोटार."